तुळशीतली तार

शरच्चंद्र चिंचोलकरांना एखाद्या यंत्राबद्दल मत विचारायची बुलढाण्यात कोणाला सोयच नव्हती, कारण विचारायच्या आधीच ते मिळून जायचं. स्टोव्ह घ्यायचा तर पंपाचा, वातीचा म्हणजे कंदिलावर भात शिजवणं. घड्याळाला चावी सकाळी उठल्याबरोबर द्यावी. रात्री देणाऱ्याच्या घड्याळाची स्प्रिंग लवकर जाते आणि तशीच त्याची बुद्धीही जाते. बॉलपेन हे पेन नव्हे, खिळा आहे. जिल्हा परिषद नवी नवी सुरू झाली तेव्हा शिक्षण खात्यात, म्हणजे शरदराव जिथे कारकून होते तिथे, नवं कोरं टंकयंत्र आलं. शरदरावांनी त्याच्या गुणदोषांवर तीन दिवस असं निरूपण केलं की टायपिस्ट बिचारा चौथ्या दिवशी रजेवर गेला.

पण हे सगळं किरकोळ. शरदरावांचा खरा धर्म म्हणजे रेडिओ. त्यातही जगात दोनच जाती, व्हॉल्व्हवाले आणि ट्रान्झिस्टरवाले. शरदराव व्हॉल्व्हवाले, आणि ते सुद्धा कर्मठ. "व्हॉल्व्हचा सेट गरम व्हायला दीड मिनिट घेतो," ते सांगत, "चांगला माणूसही बोलायच्या आधी विचार करतो. ट्रान्झिस्टरचं काय, बटण दाबलं की बरळायला सुरुवात."

हे वाक्य ते शक्यतो मोठ्याने आणि खिडकी उघडी ठेवून म्हणत, कारण समोरच्या घरात भगवानराव राहत होते. भगवानराव देऊळघाटचे शेतकरी, पोरांच्या शाळेसाठी बुलढाण्यात घर करून राहिलेले. त्यांनी त्या साली चामड्याच्या पिशवीतला ट्रान्झिस्टर घेतला होता आणि तो गळ्यात अडकवून ते शेतात जात, बाजारात जात, एकदा तर लग्नाच्या पंगतीलाही बसले होते.

तर अशा घरात चैत्रात नागपूरच्या रेडिओ केंद्राचं पत्र आलं. ते शरदरावांना नव्हतं, त्यांच्या बायकोला होतं. वासंतीबाईंचा गळा चांगला होता हे गल्लीला ठाऊक होतं. मंगळागौरीला, हळदीकुंकवाला त्या म्हणत. त्यांचा भाऊ उद्धव दिवाळीत त्यांना नागपूरला आवाजाच्या परीक्षेला घेऊन गेला होता, आणि सगळे ती गोष्ट विसरून गेले होते. आता बोलावणं आलं. वैशाखातला गुरुवार, संध्याकाळी सव्वासात, एक पद. सगळं थेट, तिथे गायलं की इथे ऐकायचं. ते हवेतून यायचं आणि हवेतच विरून जायचं, ज्याने ऐकलं त्याचं.

वासंतीबाईंनी पत्र दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही पण चला ना नागपूरला. मला तिथं एकटीला भीती वाटेल."

"मी आलो तर इथं ऐकणार कोण?" शरदराव म्हणाले.

आता या प्रश्नाला बायकोने काय उत्तर द्यावं? त्यांनी पत्राची घडी घातली. शरदरावांची नजर तोवर टेबलावरच्या सेटवर गेली होती. हा चार व्हॉल्व्हचा सेट, वडिलांच्या वेळचा. चांगला होता बिचारा. नागपूर लागायचं, फक्त मागे थोडी घरघर यायची, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत यावी तेवढी. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण बायकोचा आवाज आयुष्यात एकदा रेडिओवर येणार आणि तो घरघरीतून यायचा? शरदरावांनी त्याच संध्याकाळी पेचकस काढला.

"काऊन बाप्पा, चालू रेडिओ काहाले खोलून राह्यले?" भगवानराव ओट्यावरून ओरडले.

"घरघर काढतो आहे."

"आता थो बोलून तर राह्यला ना? बोलत्या माणसाचं पोट फाडते का कोनी? आ बैल मुझे मार!"

शरदरावांनी खिडकी लावून घेतली.

घरघर कुठून येते हे शोधता शोधता आठ दिवसांत सेटचं सारं पोट सतरंजीवर आलं. एक व्हॉल्व्ह हातातून निसटून फुटला. त्याच्यासाठी शरदराव रजा टाकून मलकापूरला गेले. रेल्वेचं गाव, तिथे वस्तू मिळते. दुकानदाराने एकाऐवजी दोन व्हॉल्व्ह गळ्यात मारले, आणि त्यातल्या दुसऱ्याचं काय करायचं या विचारात शरदरावांच्या डोक्यात कल्पना आली की सेट पाच व्हॉल्व्हचाच का करू नये! परतीच्या एस.टी.त शेजारी मिरच्यांचं पोतं होतं. राजूरच्या घाटात ते फुटलं. अख्खी गाडी शिंकत होती, शरदराव एकटे तोंड मिटून, दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह पोटाशी धरून, डोळ्यातून पाणी गाळत बसले होते. कंडक्टरला वाटलं, घरी काही वाईट झालं असावं. त्याने त्यांना खिडकीजवळची जागा दिली.

घरी आल्यावर पाचवा व्हॉल्व्ह बसला, आणि इथेच शरदरावांचा प्रामाणिकपणा आडवा आला. रेडिओचा परवाना पोस्टात काढावा लागतो. त्याचं एक पुस्तक असतं. शरदरावांच्या पुस्तकात लिहिलं होतं, चार व्हॉल्व्ह. आणि सेटमध्ये तर झाले पाच. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. शरदराव पुस्तक घेऊन स्वतः पोस्टात गेले.

पोस्टातले बाबू भले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "तुम्हाला कोणी विचारलं होतं का?"

"नाही. पण सरकारला माहिती असावं."

"सरकारला माहिती नसतं तर बरं झालं असतं," बाबू कळवळून म्हणाले. "आता तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. आता मला वर विचारावं लागेल. उत्तर येईपर्यंत पुस्तक इथं राहील. अन् पुस्तक इथं आहे तोवर सेट वाजवू नका."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. त्यानंतर दहा दिवस जोडलेला, पुसलेला, पाच व्हॉल्व्हचा सेट टेबलावर मुका बसून होता. वासंतीबाई स्वयंपाकघरात दत्ताच्या पदाचा सराव करत. शरदराव बाहेरून हातातलं घड्याळ बघत आणि आत कळवत, "चार मिनिटं पन्नास सेकंद. काल चार-चाळीस होतं." एकदा वासंतीबाईंनी विचारलं, "बरं वाटलं का पण?" तर शरदराव म्हणाले, "ते त्या दिवशी कळेल. इथं भांड्यांचा आवाज फार येतो."

उरली गोष्ट एरियलची आणि अर्थिंगची. एरियलसाठी तीस फुटी तार आणि एक बांबू आणला. तारेचं एक टोक आपल्या गच्चीवरच्या बांबूला, दुसरं शेजारच्या जनकाबाईंच्या कडुनिंबाला. जनकाबाई सत्तरीच्या, एकट्या, गल्लीच्या आजी. त्यांनी परवानगी दिली, पण तासाभराने बघावं तर एरियलवर त्यांचं लुगडं वाळत होतं. "तारच तं हाये बापा," त्या म्हणाल्या. "मोकळी काहाले ठेवाची?" लुगडं काढून शरदरावांनी त्यांना रेडिओलहरी समजावून सांगितल्या. दुसऱ्या दिवशी तिथे गोधडी होती.

अर्थिंगची तार मात्र ओल्या मातीत पुरावी लागते. माती सुकली की घरघर वाढते आणि लांबचं केंद्र पळतं. हे तर शरदराव झोपेतही सांगत. आता वैशाखात बुलढाण्याला ओली माती आणायची कुठून? त्यांनी अंगणभर नजर फिरवली आणि जागा सापडली. तुळशीवृंदावन! वासंतीबाई तिथे सकाळी तांब्याभर आणि दिवेलागणीला तांब्याभर पाणी घालत, बारा महिने, खंड नाही.

"अहो, तुळशीत काय तारा खुपसून राहिले?" वासंतीबाई कासावीस झाल्या.

"तिला काही होत नाही. उलट पुण्याचं काम आहे."

सोमवारी, वासंतीबाईंच्या निघायच्या आदल्या दिवशी, पोस्टातून पुस्तक परत आलं. वरून उत्तर आलं होतं की व्हॉल्व्ह कितीही असोत, परवाना तोच. शरदराव धावत घरी आले. सेट लावला. दीड मिनिट गेलं. आणि मग नागपूर असं लागलं म्हणता की निवेदकाने पान उलटलं तेही ऐकू आलं. घरघर नावाला नाही! वासंतीबाई पोळपाट सोडून बाहेर आल्या. शरदरावांच्या डोळ्यात पाणी होतं, आणि या वेळी गाडीत मिरच्या नव्हत्या.

"आता बघ," ते म्हणाले, "तुझा श्वास सुद्धा ऐकीन मी."

वासंतीबाई लाजल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं असावं.

मंगळवारी सकाळी त्या निघाल्या. मुलं सुट्टीत मलकापूरला आजोळीच होती. तिथून उद्धवबरोबर रेल्वेने नागपूर. एस.टी. स्टँडवर त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, "येत नाही ना?" शरदराव हसले. मग त्या नेहमीच्या सूचना सांगू लागल्या. दूध वर ठेवा, मांजर येतं. खालचं दार ओढून घ्या. "अन् तुळशीला दोन वेळा पाणी घाला. विसराल."

"मी विसरीन?" शरदराव जवळजवळ रागावले. "अगं, माझी अर्थिंग आहे तिच्यात!"

खोटं कशाला बोला, ते विसरले. माणूस फार आनंदात असला की असंच होतं. मंगळवार सेटच्या लाकडाला तेल लावण्यात गेला. बुधवारी त्यांनी ऑफिसात, पोस्टात, वाचनालयात फिरून आमंत्रणं दिली. सेट त्यांनी मधल्या दिवसांत लावलाच नाही. व्हॉल्व्ह ताजे राहावेत म्हणून. आणि वैशाखातलं ऊन काय कोणाची वाट बघतं?

गुरुवारी साडेसहापासून ओसरीवर माणसं जमली. सतरंज्या घातल्या होत्या. पोस्टातले बाबू आले, टायपिस्ट आला, भगवानराव ट्रान्झिस्टर घरी ठेवून आले, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. जनकाबाई सगळ्यात पुढे बसल्या. शरदरावांनी व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांच्यातला फरक थोडक्यात, म्हणजे वीस मिनिटांत, सांगितला. सात वाजता बटण फिरवलं.

दीड मिनिट शांतता. मग घरघर सुरू झाली.

पूर्वीची घरघर म्हणजे काहीच नव्हती. ही पिठाच्या गिरणीची होती. काटा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. नागपूर कुठेतरी खोल, विहिरीत पडल्यासारखं.

"गरम होतो आहे," शरदराव म्हणाले.

"शरद," जनकाबाई म्हणाल्या, "तुही तुळस मान टाकून राह्यली रे. पानी नाही घातलं वाट्टे."

"जनकाबाई, सात वाजून चार मिनिटं झाली आहेत! तुळशीचं काय घेऊन बसलात?"

त्यांनी सेट फिरवून मागची फळी काढली. व्हॉल्व्ह एकेक दाबून पाहिले. बोटं भाजली. टायपिस्टाने सुचवलं की थाप मारून बघा. पोस्टातल्या बाबूंनी सुचवलं की चार व्हॉल्व्हचाच ठेवला असता तर. कोणीतरी म्हणालं, एरियलवर गोधडी तर नाही? शरदराव जिन्याकडे धावले. गोधडी नव्हती, पण गाठ सैल वाटत होती. ते बांबूला मिठी मारून गाठ सोडू लागले.

सात-दहाला भगवानराव खालून म्हणाले, "शरदभाऊ, चला माह्या घरी. थ्या डबड्यावर ऐकू. वयनीचं गानं महत्त्वाचं, का तुमचा सेट?"

"पाच मिनिटं! लागतोच आहे!"

"अहो चला ना भाऊ, टाइम होऊन राह्यला."

"तुम्ही व्हा पुढे!" शरदराव वरून कडाडले. "अन् वासंतीचा आवाज मी पिशवीतून ऐकणार नाही!"

मग एकेक जण उठला. आधी टायपिस्ट, तो तर वाटच बघत होता. मग बाबू. जनकाबाईही गुडघ्याला हात देत उठल्या. ओसरी रिकामी झाली आणि समोरचा ओटा भरला.

सव्वासात झाले. शरदराव गच्चीवर तारेचं टोक दातात धरून उभे. खाली त्यांचा सेट घरघरत होता. गाठ हलवली की घरघर बदलते का हे त्यांना कान देऊन ऐकायचं होतं. आणि समोरून, चामड्याच्या पिशवीतून, बारीक आवाजात कोणीतरी बाई गात होती. तिच्यामुळे यांना घरघर नीट ऐकू येईना.

शरदराव कठड्यावर वाकून ओरडले, "भगवानराव! आवाज कमी करा हो जरा! मला माझा सेट ऐकू येत नाही!"

ओट्यावरच्या सगळ्यांनी वर पाहिलं. भगवानरावांनी बटण फिरवून आवाज कमी केला. मग सगळे पुढे वाकून, डोकी एकत्र करून ऐकू लागले. शरदरावांनी गाठ पक्की केली, मग आणखी एकदा केली. खाली आले तेव्हा सात-बावीस झाले होते आणि समोरचे लोक धोतरं झटकत उठत होते.

"काय गायल्या हो वयनी!" भगवानराव रस्त्यातूनच बोलले.

"हो, ऐकलं," शरदराव म्हणाले. "शेवटी लागला माझा. कानाला लावून ऐकलं." आणि कोणी आणखी काही सांगायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली आणि दिवसभर सेटचं पोट पुन्हा उघडून बसले. दिवेलागणीला वासंतीबाई आल्या. तोंड प्रवासाने सुकलेलं, पण डोळे असे की लग्न होऊन आल्या तेव्हा सुद्धा नसतील. शरदरावांनी घाईने सेटचा आवाज उतरवला.

वासंतीबाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही. "ऐकलं?"

"ऐकलं म्हणजे काय! लख्ख!" शरदराव म्हणाले. "दत्ताचं पद असं उठलं, असं उठलं! अन् वेळ, बरोबर चार-पन्नास."

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी ठेवली, पाय धुतले, तांब्या भरून घेतला आणि अंगणात गेल्या. तुळशीची माती भेगाळून गेली होती. त्यांनी सगळा तांब्या ओतला, मग दुसरा आणून ओतला.

आत टेबलावरची घरघर एकाएकी बसली आणि एक माणूस, अगदी खोलीत उभा असल्यासारखा, कापसाचे भाव सांगू लागला.

शरदराव लहान पोरासारखे उड्या मारत अंगणात आले. "सापडलं! वासंती, सापडलं! माती सुकली होती गं! गाठ नाही, व्हॉल्व्ह नाही, माती! काल एवढं एक कळलं असतं तर पूर्ण गाणं ऐकू आलं असतं—"

आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं की आपण काय बोललो.

वासंतीबाईंनी निरांजन लावलं. हात जोडले. मग म्हणाल्या, "दत्ताचं नव्हतंच. ते मागच्या आठवड्यात कोणी तरी गाऊन गेलं म्हणे. तिथले साहेब म्हणाले, ऐनवेळी दुसरं म्हणा. मग मी प्राजक्ताचं म्हटलं. आत्यानं शिकवलेलं."

शरदरावांना आठवेना.

"तुम्ही मला बघायला आला होता तेव्हा म्हटलं होतं ते," वासंतीबाई म्हणाल्या. "तेव्हाही तुम्ही नव्हतं ऐकलं. कपाटावरच्या बाबांच्या ग्रामोफोनकडं बघत होता तुम्ही. सगळ्यांना वाटलं, मुलगा लाजतो आहे. मला दिसत होतं." त्यांनी रिकामा तांब्या उचलला. "म्हटलं, या वेळी यंत्रातून गाते. म्हणजे तरी ऐकाल."

आणि त्या आत गेल्या. आतला माणूस मलकापूरच्या बाजारातला भाव सांगत होता, जाडा कापूस, लांब धाग्याचा कापूस. एवढा स्वच्छ आवाज त्या घरात कधी आला नव्हता. शरदराव तो संपेपर्यंत तुळशीपाशी उभे होते.

श्रावणात नागपूरचं दुसरं पत्र आलं. वासंतीबाईंनी 'प्रकृती ठीक नाही' असं उलट टपाली कळवलं. भांडण नाही, अबोला नाही, संसार आपला चालला आहे. तुळशीला आता दोन्ही वेळा शरदरावच पाणी घालतात, पावसाळ्यात सुद्धा. ट्रान्झिस्टरवर मत देणं त्यांनी सोडून दिलं आहे. परवा टायपिस्टाने नवं घड्याळ दाखवलं तर नुसते "चांगलं आहे" म्हणाले, आणि अख्खं शिक्षण खातं काळजीत पडलं. अधूनमधून ते बायकोला म्हणतात, "ते प्राजक्ताचं म्हण ना एकदा." त्या म्हणतात, "म्हणते, एवढ्या पोळ्या होऊ द्या." पोळ्या रोजच असतात.

मग शरदराव बाहेर पायरीवर येऊन बसतात आणि जनकाबाईंना हाक मारतात. जनकाबाईंनी त्या दिवशी ओट्यावर बसून सगळं पद ऐकलं होतं, आणि त्यांना ते पाठ आहे. गळा मात्र विहिरीच्या रहाटाचा. सुराशी त्यांची उभ्या आयुष्यात ओळख झालेली नाही. तरी त्या हौसेने म्हणतात, आणि शरदराव मान खाली घालून, घड्याळाकडे न बघता, शेवटपर्यंत ऐकतात. दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी जनकाबाई फारच चुकतात. तिथे आतलं लाटणं थांबतं. शरदराव मान वर करून दाराकडे बघतात.

मग लाटणं पुन्हा सुरू होतं.